ती खोकी परत कर

अंबाजोगाई,
१२ जानेवारी २०२५

प्रिय दोस्ता,

सप्रेम नमस्कार. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, तुझ्या रानातून निघाल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. तीनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. फोनवर तू मधेच बोलतोस, मग मी अडखळतो आणि जे सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो.

त्या दिवशी कोपीतली पूजा झाली, भज्जी-आंबील झालं, वहिनींनी आग्रहानं आणखी एक उंडा वाढला आणि तू कडब्यामागून चरबी जाळायच्या कॅप्सूलचं ते हिरवं खोकं काढून माझ्या हातात दिलंस. "तुझ्या मैदानावर साठ पोरं पळतात. तू एक शब्द टाकलास की महिन्यात चाळीस खोकी जातील," असं म्हणालास. मी हो म्हणालो नाही, पण नाहीही म्हणालो नाही. तुला तो होकार वाटला असेल, तर चूक माझी. आज साफ सांगतो, मी तो शब्द टाकणार नाही. आणि तूही ती खोकी आली तिथं परत करावीस, असं मला मनापासून वाटतं.

काहून, ते ऐक.

मागच्या मंगळवारी पहाटे साडेपाचला नेहमीसारखी पोरं मैदानावर आली. सोळाशे मीटरचा टाइम घ्यायचा होता. पोलीस भरतीत त्याला २० गुण असतात आणि पुरते २० मिळवायचे तर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत यावं लागतं. आमच्यात एक पोरगा आहे, डोंगरातल्या तांड्यावरचा. आई-बाप दिवाळीनंतर टोळीबरोबर ऊस तोडायला गेलेत, ते आता उन्हाळ्यातच परततील. हा आजीजवळ राहतो, स्वतः भाकरी थापून खातो. वजन ५२ किलो. चार फेऱ्यांतली तिसरी संपता संपता तो वाकला, बाजूला बसला आणि ओकायला लागला. हात थरथरत होते. छातीवर हात ठेवला तर काळीज नुसतं धडधडत होतं. रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेला. ईसीजी काढला, सलाइन लावली, दुपारपर्यंत निजवून ठेवला. आता बरा आहे, काळजी करू नकोस.

डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतंस? पोरगा आधी बोलेना. मग खिशातून प्लास्टिकची पुडी काढली. तुझ्याच कॅप्सूल होत्या, दोस्ता. दिवसाला दोन घ्यायच्या असं खोक्यावर लिहिलंय. लवकर फरक पडावा म्हणून त्यानं उपाशीपोटी तीन एकदम गिळल्या होत्या. रात्री शिळी भाकरी आणि चटणी, त्यावर एवढंच. पैसे कुठले, विचारलं. बापानं उचलीतून घरखर्चाला ठेवलेल्यातले १,८५० रुपये. तुला हे ठाऊक नव्हतं, हे मला पक्कं माहीत आहे. तो गावातल्या दुसऱ्या पोराच्या हातून घेऊन आला होता. ठाऊक असतं तर तू त्याला पैसे घेऊ तर दिले नसतेसच, उलट जेवू घालून पाठवला असतास.

डॉक्टरांनी खोकं मागवून मागचा बारीक मजकूर वाचला. काळीज धडधडायला लावणारं चहा-कॉफीतलं कॅफिन, तो शब्दच त्यात नाही. ग्वाराना अर्क असं लिहिलंय. ग्वाराना ही ब्राझीलकडची वेल, तिच्या बियांत कॉफीच्या बियांपेक्षा जास्त कॅफिन असतं. म्हणजे कॅफिन आहे, फक्त नाव दुसरं. किती आहे? ते कळायला मार्गच नाही. सहा अर्कांची नावं लिहून खाली एकच आकडा दिलाय, दोन कॅप्सूलमध्ये मिळून ७५० मिलिग्रॅम. कुठला किती, ते कंपनीचं गुपित. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मी औषध लिहून देतो तेव्हा मिलिग्रॅम लिहितो. इथं काय समजायचं?" त्या वाक्यानं मला रात्री झोप लागली नाही.

मग मी तुझं माहितीपत्रक समोर घेऊन एकेक नाव तपासायला बसलो. चार रात्री वाचत होतो. मेडिकल कॉलेजमधल्या ओळखीच्या मॅडमनाही दोनदा जाऊन विचारलं. यातली सगळीच नावं खोटी नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

आधी हिरव्या चहाचा अर्क. "मेटाबॉलिझम वाढवतो," असं तुझ्या पत्रकात ठळक छापलंय. म्हणजे शरीर ऊर्जा जास्त वेगानं जाळतं. याला आधार आहे. १९९९ मध्ये दहा तरुणांना हिरव्या चहाचा कॅफिनसह अर्क देऊन दिवसभराचा ऊर्जेचा खर्च मोजला होता, तो सुमारे ४ टक्क्यांनी वाढला. आता हे ४ टक्के म्हणजे किती ते बघ. अंगमेहनत फार नसलेल्या माणसाला दिवसाला २,२०० कॅलरी लागतात असं धरू. त्याचे ४ टक्के म्हणजे ८८. ज्वारीच्या एका चांगल्या भाकरीत साडेतीनशेच्या आसपास कॅलरी असतात. म्हणजे दिवसभरात जादा जळतं ते चतकोर भाकरीएवढं! ज्याला वजन उतरवायचंय त्यानं ताटातली चतकोर बाजूला काढून ठेवली तरी तेवढंच काम होतं. आणि हा अर्क जास्त झाला तर लिव्हरला त्रास होतो. त्यातलं मुख्य द्रव्य, ईजीसीजी, पूरक गोळ्यांतून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर लिव्हरच्या तपासणीतले आकडे चढतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलंय. कपातला चहा वेगळा आणि हा आटवून काढलेला अर्क वेगळा. "झाडपाल्याचंच आहे, काय व्हायचंय?" असं तू म्हणालास ना, त्याचं उत्तर यात आहे. शेरभर पाला आटवून चिमूटभर केला की तो पाला राहत नाही.

दुसरं नाव कोलियस. आपल्याकडं त्याला मैनमूळ म्हणतात, गुजरातेत त्याच्या मुळांचं लोणचं घालतात, गरमर नावाचं. १९७० च्या दशकात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत आणि मुंबईत हेक्स्ट कंपनीच्या संशोधन केंद्रात या मुळातून जे द्रव्य वेगळं काढलं, ते फोर्स्कोलिन. पेशीत निरोप पोचवणारं सायक्लिक एएमपी नावाचं एक रसायन आहे, ते या द्रव्यानं वाढतं आणि चरबीच्या पेशींना साठा मोकळा करायचा इशारा मिळतो. प्रयोगशाळेत हे खरं आहे, आणि मला वाचताना अभिमानही वाटला, आपल्याच मातीतलं मूळ म्हणून. पण माणसांवर काय? २००५ मध्ये दोन अभ्यास झाले. एकात ३० जाड पुरुषांना १२ आठवडे २५० मिलिग्रॅम अर्क दोन वेळा दिला. चरबीचं प्रमाण थोडं घटलं. दुसऱ्यात २३ बायकांना तेवढाच, तितकेच दिवस दिला. वजन उतरलं नाही. एवढ्यावर मी साठ पोरांना शब्द द्यायचा?

तिसरं अश्वगंधा, म्हणजे आपलं आस्कंद. माझी आजी याला ढोरगुंज म्हणायची. या नावावर माझाही जीव आहे. हिवाळ्यात आजोबांना ती मुळी उगाळून दुधातून द्यायची, तो वास अजून नाकात आहे. आणि इथं पुरावाही बरा आहे. २०१५ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात ५७ पुरुषांनी आठ आठवडे वजनं उचलण्याचा व्यायाम केला. ज्यांना मुळांचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा दिला, त्यांची ताकद औषध नसलेल्या नुसत्या पिठूळ गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा जास्त वाढली. पण तुझ्या खोक्यात सहा जिनसा मिळून ७५०. सारख्या वाटल्या तर एकीच्या वाट्याला १२५ येतात. म्हणजे अभ्यासात दिलेल्या मात्रेचा जेमतेम पाचवा हिस्सा होतो. अभ्यास ६०० चा आणि भरवसा त्याच्या नावावर, हे मला पटत नाही.

इथं जरा थांबतो, कारण मैदानापेक्षाही एक तातडीची गोष्ट आहे. येळवशीला वहिनी सहज बोलून गेल्या की त्याही महिनाभर या गोळ्या घेताहेत, आणि तू काकूंनाही चालू केल्यास. वहिनींची थायरॉईडची गोळी चालू आहे. अश्वगंधानं थायरॉईडचं प्रमाण बदलू शकतं. काकूंना बीपीची आणि साखरेची गोळी आहे. फोर्स्कोलिनानं रक्तदाब उतरतो, अश्वगंधानं साखर उतरू शकते. त्यात सहावा अर्क मिरीचा. मिरीतल्या पाइपरीनमुळं दुसरी औषधं रक्तात नेहमीपेक्षा जास्त उतरू शकतात. आजच्या आज दोघींच्याही कॅप्सूल बंद कर, आणि त्यांच्या डॉक्टरला खोकं नेऊन दाखव. बाकीचं पत्र पटलं नाही तरी चालेल, एवढं ऐक.

आता मूळ गोष्टीकडं. समज, या कॅप्सूलमध्ये सगळं चोख आहे. तरी ती माझ्या पोरांसाठी नाहीच. माझ्या मैदानावर जाड म्हणावं असं एकही पोरगं नाही. बरगड्या मोजता येतात त्यांच्या. चरबी जाळायची म्हणजे कुठली जाळायची? ज्याच्या घरी सकाळी चुलीवर नुसता चहा उकळतो, त्याला भूक मारणारी आणि अंगातलं जाळणारी गोळी विकत द्यायची, हा विचार मला सहन होत नाही. मांडव्याचा अविनाश साबळे आपल्या बीड जिल्ह्यातला. लहानपणी शाळेला सहा किलोमीटर ये-जा करायचा. चीनमध्ये हांगझोऊला आशियाई स्पर्धेत स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या शर्यतीचं, सुवर्ण मिळवलं त्यानं. त्याचा फोटो प्रत्येक पोराच्या मोबाइलवर आहे. त्यातलं एखादं पोरगं उद्या खरंच वर गेलं आणि अशाच कुठल्या भेसळीच्या गोळीपायी उत्तेजक चाचणीत सापडलं तर? वनौषधी म्हणून विकलेल्या वजन उतरवायच्या गोळ्यांत सिब्युट्रामिन नावाचं भूक मारणारं औषध घातलेलं जगभर सापडलंय. ते औषध हृदयाला धोका म्हणून २०१० मध्ये युरोप-अमेरिकेच्या बाजारातून उठवलं होतं. तुझ्या खोक्यात तसलं काही आहे असं मी म्हणत नाही. पण चाचणीत खेळाडूनं अजाणता घेतलं म्हणून सुटका होत नाही, अंगात सापडलं की जबाबदार तोच.

खरा फरक कशानं पडतो, ते मी या वर्षी डोळ्यांनी पाहिलं. एक पोरगी आठशे मीटरला कायम मागं पडायची, दुसऱ्या फेरीला धाप लागायची. मला वाटायचं, सराव कमी पडतोय. उगाच रागावलोही तिच्यावर, त्याचं आजही वाईट वाटतं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.६. बायकांना किमान १२ हवं. प्राणवायू वाहून न्यायलाच रक्तात काही नाही, तर पोरगी पळणार कशी? आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या सुरू केल्या, त्या फुकट मिळतात. लिंबू पिळून हुलग्याचं माडगं, शेंगदाणा-गूळ आणि जेवणानंतर लगेच चहा बंद. तीन महिन्यांनी तीच पोरगी पहिल्या चौघीत आली. देशात १५ ते ४९ वयाच्या १०० बायकांत ५७ जणींना रक्त कमी आहे, सरकारच्याच २०१९-२१ च्या पाहणीतला आकडा आहे. त्या हिरव्या खोक्यात लोह मात्र कणभरही नाही.

तू या धंद्यात काहून पडलास, ते मला कळत नाही असं समजू नकोस. सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ होता आणि तू आडतीवर चार हजाराच्या आसपास घालून आलास. त्यातलेच ७२,००० या मालात अडकवलेस. येळवशीला तू हसत होतास, पण डोळे हसत नव्हते. तेव्हा रागानं नव्हे, पैसे कसे सुटतील या विचारानं सांगतो. तुझ्या या धंद्याला थेट विक्री म्हणतात, म्हणजे दुकानाशिवाय माणसांकरवी माल विकणं. त्यासाठी केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये नियम काढलेत. माणसाखाली माणूस जोडून पैसे मिळवायच्या पिरॅमिड योजनेला त्यात बंदी आहे. करार केल्यावर ठरावीक मुदतीत दंडाशिवाय मागं फिरता येतं. तुझा करारनामा काढून ती मुदत किती आहे ते बघ. न उघडलेली खोकी मोज, पावत्या एका पिशवीत घाल. ऐकलं नाही तर १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला फोन करू, मी शेजारी बसतो. जे सुटणार नाहीत त्यातले १५,००० मी देतो, सावकाश फेड. यावर वाद घालू नकोस. २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा दोन महिने माझं घर तुझ्या टँकरवर चाललं होतं, तेव्हा तू हिशोब ठेवला नव्हतास.

त्या पोराचे १,८५० मी परत दिलेत, तुझ्या नावानं. "काकांनी पाठवलेत," असं सांगितलं.

परवा संक्रांत आहे. बुधवारी सकाळच्या एसटीनं ये. पावत्या आण, करारनामा आण आणि एक बंद खोकं आण, मॅडमना मागचा मजकूर दाखवायचा आहे. दुपारी डॉक्टरांकडं जाऊ, संध्याकाळी मैदानावर. आणि वहिनींना सांग, येताना पोरांसाठी चार किलो शेंगदाणे आणि गूळ तुझ्या गावच्या दुकानातून आणायला लावलेत म्हणून, इथं महाग पडतात.

तुझाच,
मास्तर