मनू, बॉक्सवर ‘शुगर फ्री’ लिहू नकोस

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की या दिवाळीला खजूर घालून हेल्दी चॉकलेटं करून ऑर्डर घ्यायच्या आणि बॉक्सवर मोठ्या अक्षरात ‘शुगर फ्री’ छापायचं, तेव्हा पिल्लूचा मागे गोंधळ चालला होता म्हणून मी नुसतं हो हो केलं. पण रात्रभर तेच डोक्यात होतं म्हणून आता बसून लिहितेय, पत्र लांबेल, निवांत वेळ काढून वाच.

कल्पना मला मनापासून आवडलीय हे आधी सांगते. तुझ्या हाताला चव आहे आणि स्वच्छतेचं तुला कुणी सांगावं लागत नाही. फक्त ते दोन शब्द नकोत. खजुराच्या चॉकलेटला शुगर फ्री म्हणणं साफ खोटं आहे, आणि ते वाचून विश्वासाने खाणारा माणूस बहुतेक वेळा डायबेटिसवालाच असतो. मागच्या दिवाळीला कुणीतरी आपल्याकडे असाच एक बॉक्स दिला होता. बाबांनी जेवणानंतर एकामागून एक खाल्ली, शुगर फ्रीच तर आहे म्हणून, आणि मग मीटरवरचा आकडा बघून त्यांचं तोंड इतकंसं झालं. बिचारे वर्षभर चहा बिनसाखरेचा पितात गं.

आता हिशोब बघ. खजुरात १०० ग्रॅमला साधारण ६० ते ६५ ग्रॅम साखरच असते. फळाची असली तरी साखरच. तू २०० ग्रॅम खजूर घेतलास तर त्यातच सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर आली, त्याची बावीस चॉकलेटं झाली तर एकेकात साडेपाच-सहा ग्रॅम म्हणजे चहाचा सव्वा ते दीड चमचा. खजुरात फायबर आहे, पोटॅशियम आहे, पोट भरल्यासारखं वाटतं, नुसत्या साखरेपेक्षा तो कधीही चांगला, हे सगळं मी मान्य करते. पण डायबेटिस असलेल्या माणसाला ही साखर मोजूनच खावी लागते आणि मोजण्यासाठी त्याला खरा आकडा मिळायला हवा.

आणि कायद्याने पण चालत नाही हां. एफएसएसएआयच्या, म्हणजे खाद्यपदार्थांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमात शुगर फ्री लिहायला १०० ग्रॅम पदार्थात ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. मग तू म्हणशील ‘नो ॲडेड शुगर’ लिहिते, तर तेही नाही, कारण साखरेच्या जागी सुक्या फळांचा लगदा घालून गोड केलेल्या पदार्थाला तो दावा करता येत नाही. गूळ आणि मध तर सरळ सरळ साखरेतच धरतात. गुळाचं मला वाईट वाटतं कारण आपण कोल्हापूरच्या गुळावर वाढलेली माणसं, पण गुळात बहुतांश साखरच असते, थोडी खनिजं आणि तो सुंदर वास एवढंच जास्तीचं. चवीसाठी घाल, औषध म्हणून विकू नकोस.

मग हेल्दी करायचं तरी कसं? माझं म्हणणं असं की तू खजुराच्या मागे न लागता डार्क चॉकलेटकडे वळ. ७० टक्के लिहिलेल्या चांगल्या चॉकलेटमध्ये ७० भाग कोकोचे, म्हणजे कोको आणि त्याचंच लोणी मिळून, आणि उरलेले साधारण ३० भाग साखर. म्हणजे २०० ग्रॅमच्या स्लॅबमध्ये जेमतेम ६० ग्रॅम. त्यात १२० ग्रॅम दाणे, बिया, लाह्या घालून पातळ पसरवलंस आणि चोवीस तुकडे केलेस तर एका तुकड्यात अडीच ग्रॅम साखर पडते. खजुराच्या चॉकलेटच्या निम्म्याहून कमी! लोकांना उलटं वाटतं, खजूर म्हणजे पौष्टिक आणि चॉकलेट म्हणजे वाईट, आणि मला वाटतं तुझ्या बॉक्समध्ये मुख्य जागा या पापडीला द्यावी. फक्त फॅट आणि कॅलरी डार्कमध्ये भरपूर असतात, १०० ग्रॅमला साडेपाचशे ते सहाशे कॅलरी, तेव्हा तुकडा लहानच ठेव, मोठा दिला की लोक मोठाच खातात.

आता स्लॅब कुठला आणायचा हे नीट वाच कारण इथेच सगळं बिघडतं. होममेड चॉकलेटच्या क्लासमध्ये जो स्लॅब वापरतात तो बहुतेक ठिकाणी कंपाउंड असतो. पाकीट उलटं कर, पहिलं नाव साखर, दुसरं हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, आणि कोको कुठेतरी तिसऱ्या नंबरावर. कोकोचं लोणी महाग म्हणून ते काढून दुसरी वनस्पती चरबी घातलेली असते, त्यामुळे ते स्वस्त पडतं, मायक्रोवेव्हमध्ये वितळवून साच्यात ओतलं की आपोआप सेट होतं, कसली झंझट नाही. पण टाळूला मेणासारखा थर बसतो आणि डार्क कंपाउंड असं नाव असलं तरी आत साखरच जास्त असते. त्यात वर बदाम खोचला म्हणून ते हेल्दी होत नाही. तू कुव्हर्चर, म्हणजे खऱ्या कोको बटरचं चॉकलेट, माग, किंवा ज्याच्या यादीत कोको मास, कोको बटर, साखर आणि फारतर लेसिथिन एवढंच आहे ते घे. आता केरळ, कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूत नारळी-पोफळीच्या बागांत लावलेल्या कोकोपासून केलेलं आपल्या देशातलं चॉकलेट छान मिळतं, महाग आहे, पण तू बॉक्समध्ये तुकडे कमी ठेव आणि किंमत तीच ठेव. आपल्या शेतकऱ्याच्या कोकोचं हे कार्डावर लिहिलंस तर मला फार आवडेल.

खऱ्या चॉकलेटला टेंपरिंग, म्हणजे नेमक्या तापमानाला गरम-थंड करून घेणं, मात्र करावं लागतं, घाबरू नकोस, थर्मामीटर घे म्हणजे झालं. पातेल्यात दोन बोटं पाणी गरम कर, उकळी नको, वर कोरडं भांडं ठेव ज्याचा तळ पाण्याला टेकणार नाही. स्लॅबचे बारीक तुकडे करून दोन भाग भांड्यात घाल, एक भाग बाजूला ठेव. वितळून ४५ ते ५० डिग्रीपर्यंत गेलं की खाली उतरव, बाजूला ठेवलेले तुकडे थोडे थोडे घालत हलवत राहा, २७-२८ पर्यंत खाली येऊ दे, मग परत अगदी क्षणभर वाफेवर धरून ३१-३२ वर आण आणि पसरव. असं केलं की चॉकलेटला चकाकी येते, तोडताना कट्‌ असा आवाज येतो आणि हाताला लगेच लागत नाही. नाही केलं तर दोन दिवसांत वर पांढरट डाग येतात, ती बुरशी नसते, फॅट वर आलेलं असतं, खायला काही हरकत नाही पण ऑर्डरमध्ये असं देता येत नाही. ऑक्टोबरची ऊन तापलेली दुपार यासाठी नको, पहाटे उठून कर किंवा रात्री पिल्लू झोपल्यावर.

आणि पाणी! एक थेंबसुद्धा नको. ओला चमचा, झाकणावरची वाफ, काहीही पडलं की वितळलेलं चॉकलेट क्षणात रवाळ घट्ट गोळा होतं. म्हणूनच त्यात गूळ किसून घालायला जाऊ नकोस, गुळात ओल असते. गुळाची पावडर घातली तरी ती चरबीत विरघळत नाही, दाताखाली कचकच येते, कारखान्यात साखर आणि कोको तासन्‌तास दळतात आणि घोटतात तेव्हा कुठे तो मऊपणा येतो, आपल्या मिक्सरला ते जमत नाही.

तुझ्या मैत्रिणीने सांगितलेली ती खोबरेल तेल आणि कोको पावडरची कृती घरी खायला ठीक आहे, पण ऑर्डरला नको. खोबरेल तेल २४ डिग्रीच्या आसपासच पातळ होतं, कुरियरच्या गाडीत त्याचं काय होईल बघ. कोकोचं लोणी ३४ डिग्रीच्या जवळ वितळतं, म्हणजे आपल्या अंगाच्या उष्णतेच्या जरासं खाली, म्हणून खरं चॉकलेट बॉक्समध्ये टिकतं आणि जिभेवर ठेवलं की विरघळतं.

पापडीत घालायला: भाजून सालं काढलेले शेंगदाणे अर्धे करून, भाजलेले तीळ, भोपळ्याच्या बिया, राजगिऱ्याच्या लाह्या (या घालच, काय कुरकुरीत लागतात!), किसून भाजलेलं सुकं खोबरं, आणि वरून दोन बोटांच्या चिमटीने जाडं मीठ. मिठाने कडवटपणा मऊ होतो आणि गोड आहे त्यापेक्षा जास्त वाटतं, साखर न वाढवता चव वाढवायचा हा सगळ्यात सोपा मार्ग. जायफळ किंवा सुंठ कोरडी पूड असते म्हणून चालते. सगळं भाजून पूर्ण गार झालेलं हवं. ओलं खोबरं, ताजी फळं नकोत, ओल असली की टिकत नाही.

खजुराचं पूर्ण सोडू नकोस, कडू न आवडणाऱ्यांसाठी एक प्रकार ठेव, फक्त प्रमाण बदल. १५० ग्रॅम बी काढलेला मऊ खजूर, १५० ग्रॅम भाजलेल्या दाण्याचं जाडसर कूट, चार मोठे चमचे कोको पावडर, दोन मोठे चमचे खमंग भाजलेलं नाचणीचं पीठ, चमचाभर तूप, चिमूटभर मीठ, वेलदोडा. आधी कूट आणि कोको एकत्र करून घे, मग खजूर मिक्सरला थांबत थांबत फिरव नाहीतर मोटर तापते, आणि सगळं मळून पंचवीस लहान गोळे वळ. एकेकात खजुरातली साखर चार ग्रॅमच्या आत येते, दाण्यांमुळे प्रोटीन पण. नाचणी कच्ची राहिली तर घशाशी लागते, तेव्हा मंद आचेवर वास सुटेपर्यंत भाज. डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेव आणि आठ-दहा दिवसांत संपवायला सांग.

कोको पावडर घेताना पण पाकिटाची पाठ वाच. यादीत ॲसिडिटी रेग्युलेटर असं लिहून ५०० किंवा ५०१ सारखा नंबर असला तर ती अल्कली लावलेली, रंग गडद आणि चव सौम्य असते, पण त्या प्रक्रियेत कोकोतले फ्लॅवेनॉल, म्हणजे ज्यांच्यामुळे कोकोला चांगलं म्हणतात ते घटक, बरेच कमी होतात. साधी नॅचरल पावडर फिकट तांबूस आणि जरा आंबटसर असते, गोळ्यांना ती छान लागते कारण खजुराचा गोडवा आंबटपणाने कापला जातो. आणि हो, कोकोने हार्ट चांगलं राहतं वगैरे कार्डावर लिहू नकोस. असे जे अभ्यास झालेत त्यातले बरेचसे फ्लॅवेनॉलचं नेमकं प्रमाण देऊन झालेत, मिठाईसारखं चॉकलेट खाऊन नाही.

कुणी हट्टच धरला की आम्हाला बिनसाखरेचंच पाहिजे, तर माल्टिटॉलवाले, म्हणजे साखरेऐवजी दुसरं गोड घातलेले, स्लॅब मिळतात. पण ते जास्त खाल्लं की पोटात गुडगुड आणि जुलाब होतात, आणि रक्तातली साखर त्यानेही थोडी वाढतेच. मी तुझ्या जागी असते तर ती ऑर्डर घेतली नसती.

पिल्लूबद्दल. त्याला अख्खे दाणे, अख्खे बदाम अजिबात देऊ नकोस, पाच वर्षांच्या आतल्या मुलांच्या घशात ते अडकतात, त्याच्यासाठी कूटच. डार्क चॉकलेटमध्ये कॅफीन असतं म्हणून संध्याकाळनंतर नको, दुपारी नखाएवढा तुकडा बास. त्याला आत्ताच कमी गोडाची सवय लागली तर पुढे आयुष्यभर त्याला त्रास नाही, जीभ शिकते गं, लहानपणी तर फार लवकर शिकते. म्हणून बक्षीस म्हणून चॉकलेट, रडला म्हणून चॉकलेट हे नको. आणि शेजारच्यांचा कुत्रा तुमच्याकडे येतो ना, त्याच्या तोंडाशी ही चॉकलेटं येऊ देऊ नका, कुत्र्यांना कोको विषारी असतो.

बॉक्सवर काय लिहायचं ते मी कच्चं लिहून ठेवलंय. सगळ्यात वर घटक, जास्तीपासून कमीकडे. मग ठळक अक्षरात शेंगदाणे, तीळ आहेत हे, कारण ॲलर्जीवाल्याला दाण्याचा कण पण महागात पडतो. केल्याची तारीख, किती दिवसांत खायचं, तुझा एफएसएसएआय रजिस्ट्रेशन नंबर (अजून काढला नसशील तर ऑर्डर घ्यायच्या आधी काढ). आणि एक ओळ: ‘एका तुकड्यात साखर सुमारे अडीच ग्रॅम’, गोळ्यांवर ‘सुमारे चार ग्रॅम, खजुरातली’. डब्ल्यूएचओ, म्हणजे जागतिक आरोग्य संघटना, म्हणते की वरून घातलेली साखर (मध आणि फळांच्या रसातली धरून) दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम, तेव्हा वाचणाऱ्याला आपला हिशोब आपला करता येईल. घेणारे कमी होतील असं तुला वाटेल, पण जे घेतील ते आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांसाठी निर्धास्तपणे घेतील.

लेबल छापायला टाकायच्या आधी मला फोटो पाठव, मी चष्मा लावून एकेक अक्षर बघते. पहिला घाणा केलास की पापडीचे चार तुकडे बाबांसाठी पाठव, ते रोज एकच खातील, डबा माझ्याकडे राहील. थर्मामीटरचे पैसे मी देणार आहे, नाही म्हणू नकोस.

तुझी,
आई