आधी मिसिंग, मग कॅटकॉन

मिस्त्रीकाका,

स. न. वि. वि.

गाडी न्यायला आले तेव्हा तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी बोनेटखाली वाकलेले होतात. मान वर न करताच किल्ली पुढे केलीत आणि म्हणालात, ‘हजार किलोमीटर झाले की दाखवा.’ नीट आभार मानायचे राहूनच गेले. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. उघड लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे समजावलंत ते आणखी चार गाडीवाल्यांच्या उपयोगी पडेल. शिवाय माझा मूर्खपणाही एकदाचा कबूल करून टाकायचा आहे.

तुमच्याकडे आले ती निदान करूनच आले होते. स्कॅनरवर पी०४२० कोड, म्हणजे कॅटकॉन (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, एक्झॉस्टच्या वाटेवरचा धूर साफ करणारा डबा) धूर साफ करत नाही, म्हणजे कॅटकॉन बदला. सात महिन्यांपूर्वी एका वर्कशॉपने हेच केलं होतं. नवीन कॅटकॉन बसला, डॅशबोर्डवरची चेक इंजिनची लाइट गेली, मी खूश. आता पुन्हा तोच कोड. त्यांनी पार्ट डुप्लिकेट लावला अशी माझी खात्री होती आणि तावातावाने तेच तुम्हाला ऐकवलं, ‘या वेळी चांगला टाका, बस.’

तुम्ही पार्टबद्दल चकार शब्द काढला नाहीत. विचारलंत एवढंच, ‘लाइट नुसती पेटून राहायची, की लुकलुकायची?’

हा प्रश्न मला तोवर कुणी विचारला नव्हता. लुकलुकायची. चढावर गाडी खेचायला लागली की धक्के द्यायची, लाइट उघडझाप करायची, आणि सपाटीवर आलो की दोन्ही शांत. मी समजायचे की लुकलुकते आहे म्हणजे कुठेतरी वायर सैल असेल, खरं काही बिघडलं तर ती ठाम पेटेल. खरं होतं ते नेमकं उलट. ठाम पेटलेली लाइट सांगते, सवडीने दाखवून घ्या. लुकलुकणारी सांगते की इंजिन इतकं मिसिंग मारतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल इतक्यांदा न पेटताच सुटतंय, की कॅटकॉन आत्ता, या क्षणी भाजतोय. पाय एक्सलेटरवरून काढा आणि जमेल तितक्या लवकर थांबा. मी तशीच तीन आठवडे गाडी चालवली. हे ऐकल्यावर तुम्ही रागावला नाहीत, फक्त फडक्याने हात जरा जास्तच वेळ पुसत राहिलात.

मग पी०४२० च्या शेजारीच साठवलेला दुसरा कोड दाखवलात, पी०३०३. तिसऱ्या सिलिंडरमध्ये मिसिंग. पहिल्या वर्कशॉपच्या बिलावर ‘प्लग बदलले’ असंही होतं, ते मला तेव्हा आठवलं. म्हणजे मिसिंगचा वास त्यांनाही लागला असावा, पण तो माग त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, दुसरं काय!

तिसऱ्या सिलिंडरमध्ये ठिणगी नीट पडली नाही की पेट्रोल न जळताच बाहेर पडतं, सोबत न वापरलेला ऑक्सिजनही. दोघं मिळून पोचतात थेट तापलेल्या कॅटकॉनमध्ये, आणि तिथे पेट घेतात. जे चुलीत जळायचं ते धुराड्यात जळत होतं. आतलं ते सिरॅमिकचं मधाच्या पोळ्यासारखं जाळं, त्यावरचा प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर, हे सगळं साधारण ४०० ते ८०० अंशांत सुखाने काम करतं. हजार अंशांच्या पुढे तो थर मरायला लागतो, आणि १४०० च्या वर तर सिरॅमिकच वितळतं. तेव्हा माझा दुसरा कॅटकॉन डुप्लिकेट नव्हता. त्याला मी आणि तिसऱ्या सिलिंडरने मिळून मारलं होतं. त्या वर्कशॉपवर या एका बाबतीत घेतलेला आळ मी मागे घेते. बाकीचा नाही.

तुमचं पुढचं काम मी स्टुलावर बसून पाहिलं. तुम्ही तिसऱ्या सिलिंडरची कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा पार्ट, काढून पहिल्याला लावलीत, पहिल्याची तिसऱ्याला. कोड पुसलेत आणि मला शेजारी बसवून चढावर गाडी नेलीत. परत आलो तर पी०३०३ गायब, आणि त्याच्या जागी पी०३०१. बिघाड कॉइलबरोबर चालत गेला होता. नवा पार्ट न लावता, अंदाजपंचे काही न बदलता दोषी सापडला. मला टाळ्याच वाजवाव्याशा वाटल्या.

इथे दुसरा कुणीही कॉइल बदलून गाडी माझ्या हवाली करता. तुम्ही मात्र कॉइलचा रबरी बूट माझ्या नाकाखाली धरलात. फुगलेला, मऊ पडलेला, तेलकट. मग बॅटरीच्या उजेडात प्लगच्या खळग्यात बघायला लावलंत. तळाशी इंजिन ऑइल साचलेलं होतं. टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग आणि प्लगच्या नळीचं सील कडक होऊन तिथून तेल झिरपत होतं, आणि त्या तेलाने आधी बूट खाल्ला, मग कॉइल. म्हणाला होतात, ‘ताई, नुसती कॉइल टाकली असती तर सहा महिन्यांनी तुम्ही मलाच शिव्या घातल्या असत्या.’ घातल्याच असत्या.

पॅकिंग, सील, कॉइल, प्लग झाले. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासलंत, ते जवळजवळ सारखं आलं, म्हणजे आतून इंजिन धड आहे. आता तरी कॅटकॉन बदलाल असं वाटलं, तर म्हणालात, आधी तो किती मेलाय ते बघू. कॅटकॉनच्या पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या भोकात प्रेशर गेज लावलंत. २,५०० आरपीएमला तिथे साधारण तीन पीएसआयच्या आत दाब हवा. काटा सहाच्या पुढे गेला. धूर बाहेर पडायला वाटच नव्हती, म्हणून तर हायवेवर गाडी उचलत नव्हती. मी मात्र क्लच गेला असं धरून बसले होते.

मला सगळ्यात आवडला तो स्क्रीनवरचा आलेख. कॅटकॉनच्या पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली नाचतो, तो त्याचा स्वभाव. मागचा सेन्सर शांत हवा, कारण चांगला कॅटकॉन ऑक्सिजन साठवून ते चढउतार गिळून टाकतो. माझ्या गाडीत मागचा पुढच्याच्या तालावर नाचत होता. पी०४२० म्हणजे फक्त एवढंच, मागची रेघ पुढच्या रेघेसारखी दिसते आहे. का दिसते आहे, ते कोड सांगत नाही. एक्झॉस्टला चीर असली, सेन्सर बिघडला असला तरी असं दिसू शकतं, म्हणून तुम्ही सगळे जोड तपासलेत, सेन्सरही तपासलात आणि मगच बोललात.

तरीही नवा कॅटकॉन लगेच बसवला नाहीत. दोन दिवस गाडी हळू चालवायला दिलीत, रेस न करता. तिसऱ्या दिवशी मिसिंगची मोजणी पाहिलीत. चारही सिलिंडरना शून्य. इंजिनाचा कॉम्प्युटर इंधनाच्या मापात जी कमीजास्त करतो (फ्युएल ट्रिम), तीही मर्यादेत. मग कॅटकॉन. त्या दोन दिवसांत मी तुमच्यावर किती चिडले होते ते इथे लिहीत नाही; तुमच्या मुलाला ठाऊक आहे, फोन तोच उचलायचा.

जुना कॅटकॉन पिशवीत घालून माझ्या हातात दिलात. त्यातल्या धातूंना भंगारातही मोल असतं, हे मला माहीत नव्हतं. सात महिन्यांपूर्वीचा जुना कुठे गेला, हे विचारायचं तेव्हा सुचलंही नव्हतं. हातातल्या कॅटकॉनला एका टोकाने डोळा लावून पाहिलं तर आरपार उजेड दिसायला हवा. अर्धी बाजू वितळून काळ्या काचेसारखी झाली होती. उरलेल्या भोकांतून खिडकी दिसत होती, वाकडीतिकडी.

आणि हो, टाकीत ओतायची ती ‘कॅटकॉन साफ करणारी’ बाटली. मी एक ओतली होती. दुसरी तुम्ही माझ्या डिकीत पाहिलीत, उचललीत, लेबल वाचलंत आणि काही न बोलता जागेवर ठेवलीत. ती आता डिकीत नाही.

एकच तक्रार आहे. निघताना मी लाइट पुसून द्या म्हणाले, तर तुम्ही नाही म्हणालात, आणि कारण सांगितलं तुमच्या मुलाने. कोड पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्याही पुसल्या जातात. थंड इंजिन सुरू करून, मग बराच वेळ एकाच वेगात चालवून त्या पुन्हा पूर्ण व्हाव्या लागतात. दुरुस्ती खरी असेल तर लाइट आपली आपण जाईल, असं तुमचं म्हणणं. पटलं, पण ते तुमच्या तोंडून ऐकायचं होतं. चौथ्या दिवशी सकाळी ऑफिसच्या वाटेवर ती गेली. मी गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं नुसती डॅशबोर्डकडे बघत बसले.

दर रविवारी ऑइलची पातळी बघते. काल कॉइल काढून प्लगच्या खळग्यातही डोकावले, तुम्ही दाखवलंत तसं, इंजिन थंड असताना. कोरडा आहे. ८७० किलोमीटर झालेत. पुढच्या आठवड्यात दाखवायला येते. तेव्हा बोनेटमधून डोकं बाहेर काढा जरा.

कळावे,
तिसऱ्या सिलिंडरवाली ताई