ठराव जोडला म्हणजे ग्रामसभा झाली, असे नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दगडखाणीबद्दलची आपली कालची बातमी वाचली. ‘ग्रामसभेचा ठराव प्रकरणात जोडलेला असल्याने परवानगी नियमानुसारच आहे’ हे अधिकाऱ्यांचे वाक्य आपण जसेच्या तसे छापले आहे. आपल्या प्रतिनिधीने तो ठराव उघडून पाहिला होता का? त्याची नक्कल मागता येते, आणि नीट वाचली तर सभा खरोखर भरली की कागदावरच उरकली, हे लगेच कळते.

आधी तारीख पाहावी. दिवाळीनंतर सातपुड्यातले पाडेच्या पाडे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, ते होळीला परततात. त्या दिवसांतल्या सभेला भरगच्च अंगठे कुठून आले, हा प्रश्न कोणालाही पडायला हवा. मग विषयपत्रिका पाहावी. त्यात खाण बहुधा नसतेच. जमाखर्च वाचन, घरकुलांची यादी, रोजगार हमीची कामे आणि शेवटी ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. खाण या शेवटच्या ओळीतून आत येते, तीही लोक उठून गेल्यावर.

अक्राणी तालुक्यातल्या एका पाड्याच्या ठरावाची नक्कल हे लिहिताना समोर आहे. ‘सदर गटातून दगड काढण्यास ग्रामसभेची हरकत नाही. सर्वानुमते मंजूर.’ संपला ठराव! क्षेत्र किती, मुदत किती वर्षे, खोली किती, सुरुंग लावणार का, क्रशर तिथेच बसणार का, खड्डा शेवटी कोण बुजवणार, यातले एक अक्षर नाही. सूचक आणि अनुमोदक एकाच घरातले. सह्यांची पाने इतिवृत्ताच्या वहीतली नाहीत, सुटी आहेत. झेरॉक्स काढताना पहिल्या पानाचा मथळा झाकला आहे, पण दुसऱ्या पानावर तो तसाच राहिला: ‘घरकुल लाभार्थी उपस्थिती’. घर मिळेल म्हणून उठवलेले अंगठे खाणीच्या कागदाला जोडले गेले. त्यावर शिक्का बसला आणि परवानगी निघाली. या माणसांची ही उघड फसवणूक आहे.

आदिवासीबहुल अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याने तिथे गौण खनिजाचा (दगड, मुरूम, वाळू वगैरे) पट्टा देण्याआधी किंवा लिलाव करण्याआधी ग्रामसभेची किंवा योग्य स्तरावरच्या पंचायतीची शिफारस बंधनकारक केली आहे. पंचायतीची वाट मोकळी असल्यामुळे अनेक पाड्यांच्या गट ग्रामपंचायतीचा ठराव पुढे केला जातो, आणि ज्या पाड्याच्या डोक्यावर सुरुंग उडणार त्यालाच कोणी विचारत नाही. खरे तर पाडा स्वतंत्र गाव म्हणून घोषित होऊ शकतो, त्याची स्वतःची ग्रामसभा भरू शकते. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांत त्याची पद्धत दिलेली आहे. ओडिशात नियमगिरीच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर १२ गावांत ग्रामसभा झाल्या, त्याही जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली. बाराही गावांनी नकार दिला. सभा गावात, सर्वांसमोर आणि त्रयस्थाच्या साक्षीने झाली की लोक काय म्हणतात, ते तिथे दिसले.

‘थोडी धूळ उडते’ असे बातमीत म्हटले आहे, त्याबद्दलही सांगतो. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरतो ते भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. खाण विहिरीच्या पाण्याच्या पातळीखाली गेली की भोवतालचे पाणी खड्ड्यात उतरते. मग काम सुरू राहावे म्हणून ते मोटर लावून ओढ्यात फेकले जाते आणि आजूबाजूच्या विहिरी उन्हाळ्याआधीच तळ गाठतात.

जाता जाता आणखी एक. अवैध उत्खननाच्या बातम्यांत आपण ज्या खातेदाराला ‘खाणमालक’ म्हणता, तो पुष्कळदा फक्त सातबाऱ्यावरचा मालक असतो. आदिवासीची जमीन बिगर आदिवासीला भाडेपट्ट्याने द्यायची तरी महसूल संहितेच्या कलम ३६-अ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. ती टाळण्यासाठी परवाना खातेदाराच्याच नावावर काढतात. पोकलेन, क्रशर आणि वाहतूक पास मात्र दुसऱ्याच्या हातात. परवान्यापेक्षा जास्त दगड उचलला गेला की बाजारभावाच्या पाचपटीपर्यंतच्या दंडाची नोटीस निघते ती खातेदाराच्या नावाने, आणि बोजाही त्याच्याच सातबाऱ्यावर चढतो. ज्याने दगड नेला त्याचे नाव कुठेच येत नाही, आपल्या बातमीतही आले नाही.

यापुढे ‘ग्रामसभेची मंजुरी’ असे छापताना सभेची तारीख, विषयपत्रिकेतला विषय आणि सह्या वहीत आहेत की सुट्या पानांवर, एवढे तरी त्याखाली द्यावे. कालच्या बातमीतल्या ठरावाबाबतही ते अजून छापता येईल.

– एक वाचक, तळोदा (जि. नंदुरबार)