गौरी गेल्यावर येते

पुणे, १७ ऑगस्ट २०२५

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. नमस्कार.

फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल. फोनवर आईचा आवाज ऐकला की माझ्या तोंडून 'बरं, बघते' निघतं, आणि माझं 'बघते' म्हणजे 'येते' हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून आईला मोठ्याने वाचून दाखवा. मध्येच थांबून फोन लावू नका.

यंदा गौरीच्या तीन दिवसांत मी येणार नाही. काकूला शुक्रवारीच सांगितलं. तुमच्याआधी तिला सांगितलं, कारण नाहीतर ते सांगायचं आईवर आलं असतं आणि आई रात्रभर कूस बदलत राहिली असती. काकू जरा वेळ गप्प झाली, मग म्हणाली, "ठीक आहे बाई, मोठी झालीस." तेव्हापासून तीनदा हात फोनकडे गेला, सावरासावर करायला. नाही केली.

मी बुधवारी, ३ तारखेला येतेय. चार दिवस राहणार आहे, रजाही मंजूर झालीय.

ऑफिसचं काम निघालं, असं सांगता आलं असतं. तुमच्याशी खोटं बोलायचं नव्हतं. रागावलेय म्हणावं, तर तेही नाही. काकूने मला तापात रात्र रात्र मांडीवर घेतलंय, ते मी विसरलेले नाही. पण गेल्या वर्षीची एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. गौरी आल्या त्या दिवशी भाजी-भाकरीचा नैवेद्य झाला, सगळे आडवे झाले, आणि मी रात्री साडेबाराला पुरणयंत्र फिरवत होते. तीन किलो डाळ होती. अंगात कणकण होती, तळव्याला फोड आला होता. दुसऱ्या दिवशी भर पंगतीत काकू म्हणाली, "कटाची आमटी यंदा पातळ झाली गं." आणि मी हसून म्हणाले, "हो ना, चुकलंच माझं." आमटी पातळ नव्हती, बाबा. तुम्ही दोनदा मागून घेतली होती. पुण्यात परतल्यावर डॉक्टरांनी बीपी मोजलं तर १५०/१००. आता ठीक आहे, घाबरू नका. पण त्या 'चुकलंच माझं'ने मला फार दिवस झोप लागली नाही.

आणखी एक. तुझं काकूला आणि काकूचं तुला, असे निरोप मी यापुढे पोचवणार नाही, आई. तुझे गुडघे, तुझी झोप, तुझं माहेर, सगळं ऐकायला मी रोज आहे. फक्त "तू सांग तिला, तुझं ऐकते ती" हे नको. दोघींचं ऐकून दोघींना गोड लागेल असं बोलता बोलता माझं स्वतःचं काय म्हणणं होतं तेच मला आठवेनासं होतं.

बाबा, तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर पुराचं पाणी बघायला न्यायचात. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ झालं. २००५ ला 'शेजाऱ्यांना सोडून आपणच कसं निघायचं' म्हणून थांबलो. आजीच्या पेटीचं पुढे लिहीत नाही. २०१९ ला मात्र गल्ली काय म्हणेल याची पर्वा न करता तुम्ही आधीच कुलूप लावलंत आणि आईला घेऊन मिरजेला मामाकडे गेलात. नंतर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. मी तुम्हाला ४० वर असतानाच कळवतेय, एवढंच समजा.

आई, तुझं काही चुकलं असं मनात आणू नकोस. सगळ्यांच्या पंगती उठल्यावर तू मोडकी पोळी आणि पातेल्याच्या बुडाची आमटी घेऊन बसायचीस. आणि तरी माझ्यासाठी एक मुरडीचा कानवला डब्यात फडक्याखाली लपवलेला असायचा. तुला बघत बघत मीही शेवटी जेवायला शिकले. गौरी अनुराधावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर जातात, हे तूच सांगितलंस. माहेरवाशिणीने यावं, जेवावं, विसावावं. मलाही एकदा तसं यायचंय. घरात आपण तिघंच असताना.

तुमची अडचण होऊ नये म्हणून कोपऱ्यावरच्या पोळीवाल्या मावशींना साठ पुरणपोळ्या सांगितल्यात, पैसेही दिलेत. सोळा भाज्यांची एकच मिसळीची भाजी करा, नैवेद्याला चालते. मुखवट्यांची पेटी काढायला आईने स्टुलावर चढायचं नाही म्हणजे नाही, काकांच्या पोराला हाक मारा. बाबांची सकाळची गोळी चहाच्या डब्यावरच ठेव, म्हणजे पूजेच्या गडबडीत राहणार नाही. पाणी चढलेलं असेल तर गणपती पोचवायला बाबांनी घाटाच्या पायऱ्या उतरायच्या नाहीत. आणि आई, गुडघ्याचा पट्टा साडीवर दिसतो म्हणून काढून ठेवू नकोस.

बुधवारी दुपारी पोचते. स्वयंपाक करून ठेवू नकोस, खिचडी मी टाकते. फक्त कानवला एक ठेव, फडक्याखाली.

तुमची,
मनू