नावं माहीत नाहीत, पण खारघरला धावून आलेल्या सगळ्यांना थँक्यू

भाच्याला ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर), त्यात एकदा बरा होऊन परत उलटला, म्हणून अ‍ॅक्ट्रेकला (टाटा हॉस्पिटलचं खारघरचं कॅन्सर सेंटर) कार-टी केलं. ही ट्रीटमेंट आपल्याकडचीच, आयआयटी बॉम्बे आणि टाटाने मिळून उभी केलेली, ऑक्टोबर 2023 मध्ये मंजुरी मिळाली. पेशंटच्याच टी-सेल्स (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून लॅबमध्ये त्यांना कॅन्सर ओळखायला तयार करतात आणि परत शरीरात सोडतात. डॉक्टर, सिस्टर यांना तोंडावर थँक्यू म्हणून झालंय.

हे बाकीच्यांसाठी. मधल्या काळात त्याचे प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) सारखे खाली यायचे, आणि ते काही महिनोन् महिने साठवता येत नाहीत, जेमतेम 5 दिवस टिकतात, म्हणजे दरवेळी ते द्यायला नवा माणूस लागतो आणि तोही तास-दीड तास हात मशीनला जोडून बसणारा. कोपरखैरण्याहून नाइट शिफ्ट संपवून थेट आलेला तो मुलगा, काहीतरी खाऊन घे रे म्हटलं तर म्हणे वडापाव झालाय काकू, चला पटकन. सानपाड्याच्या त्या ताई, शीर बारीक आहे म्हणून परत पाठवलं तर दुसऱ्या दिवशी नवऱ्यालाच घेऊन हजर!! (नवऱ्याला विचारलं होतं की नाही देव जाणे.) आणि तो रिक्षावाला दादा, पोराच्या तोंडावर मास्क बघून खड्डे चुकवत हळू न्यायचा.

पोरगं आता घरी आहे, फॉलोअप चालू आहेत, कॉलेजचा फॉर्म भरलाय. तुमच्यापैकी कोणी हे वाचलं तर प्लीज मेसेज करा, त्याला तुम्हाला भेटायचंय.