दम्याच्या मुलांची फेरतपासणी घरातही व्हावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझ्या सात वर्षांच्या मुलीला दमा आहे. तिची मागची फेरतपासणी व्हिडिओ कॉलवर झाली आणि दोन वर्षांत दवाखान्यात जे कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, ते त्या दहा मिनिटांत दिसलं. डॉक्टर म्हणाल्या, "रोज जिथे बसून पंप घेते, तिथेच घेऊ दे." लेक पलंगावर लोळत होती. मी पंप न हलवताच स्पेसरला, म्हणजे ज्यातून औषध ओढायचं त्या प्लास्टिकच्या नळकांड्याला, लावला, लागोपाठ दोनदा दाबला. तिनं एक श्वास ओढला आणि स्पेसर बाजूला सारला. दवाखान्यात आम्ही दोघी परीक्षेला बसल्यासारखं सगळं नीट करायचो. घरी सकाळच्या घाईत ते कधी सुटत गेलं, मला कळलंच नाही.

डॉक्टर रागावल्या नाहीत. तिला ताठ बसवायला लावलं. पंप हलवून एकदाच दाबायचा, नळी ओठांत घट्ट धरून पाच-सहा शांत श्वास, अर्धा मिनिट थांबून दुसऱ्यांदा दाबायचा, शेवटी चूळ. मग म्हणाल्या, स्पेसर धुता कसा ते सांगा. मी तो फडक्यानं पुसत होते. पुसल्यानं प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि औषध छातीत जाण्याऐवजी आतल्या भिंतीलाच चिकटतं, हे मला तेव्हा समजलं. साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच वाळू द्यायचा. औषधाचा डोस वाढवायचं घाटत होतं, ते टळलं.

दमा असलेलं मूल दोन अटॅकच्या मधे धावतं, खेळतं, अगदी ठणठणीत दिसतं. म्हणून फेरतपासणी पुढे ढकलली जाते आणि श्वासनलिकांची सूज आवरणारं रोजचं औषधही हळूहळू बंद पडतं. त्यात दवाखान्यात सर्दी-खोकल्याच्या मुलांमध्ये तासभर बसायचं, आणि लहान मुलांत दमा उसळायला सर्दीचे विषाणूच बहुतेक वेळा कारण असतात! औषध सुरू केल्यावर एक ते तीन महिन्यांत आणि अटॅकनंतर तर काही दिवसांतच तपासणी व्हायला हवी. किती घरांत ती होते?

यातला मोठा भाग विचारण्याचा असतो. गेल्या चार आठवड्यांत दिवसा त्रास आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त झाला का? रात्री खोकल्यानं जाग आली का? तातडीचा पंप किती वेळा लागला? चार ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी सात प्रश्नांची एक चाचणी आहे, त्यातले पहिले चार प्रश्न मुलानं स्वतः सोडवायचे. गुण २७ पैकी, १९ किंवा कमी आले तर दमा आटोक्यात नाही असं समजतात. माझ्या मुलीनं त्या दिवशी सांगितलं की खेळाच्या तासाला ती मैदानाच्या कडेला बसून राहते. मला तिनं हे कधीच सांगितलं नव्हतं.

कॉलवर सगळं होत नाही, हेही मान्य. छाती स्टेथोस्कोपनं ऐकणं, फुंकून करायची फुफ्फुसांची चाचणी, सूज आवरणारा रोजचा स्टिरॉइडचा पंप चालू असताना उंची मोजत राहणं, यासाठी दवाखान्यात गेलंच पाहिजे. आणि मुलाला धापेमुळे वाक्य पुरं करता येत नसेल, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर कॉलची वाट न बघता तातडीचं औषध देत थेट रुग्णालय गाठावं.

माझी विनंती रुग्णालयांना आहे. या कॉलसाठी आठवड्यातले ठरावीक तास राखून ठेवा. मुलाला ओळखणारे डॉक्टर किंवा परिचारिकाच समोर असू द्या. ज्या घरात व्हिडिओ चालत नाही तिथे साधा फोन करा, वरचे प्रश्न त्यावरही विचारता येतात. आणि अटॅकनंतर मूल घरी गेलं की पहिला फोन रुग्णालयाकडूनच यावा. त्या आठवड्यात आईबाप इतके थकलेले असतात, की तारीख त्यांच्या लक्षात राहत नाही.

आपली नम्र,
दमा असलेल्या एका मुलीची आई