चषकाच्या पैशातून तालुक्याला एक प्रशिक्षक द्या

महोदय,

भात कापून कुणगे सुकले की आमच्या शिरोडा-वेंगुर्ला पट्ट्यात चषकांचा मोसम सुरू होतो. क्रिकेट तर असतंच, आता फुटबॉलच्याही स्पर्धा भरतात. त्यांच्या बातम्या तुम्ही जिल्हा पानावर आवर्जून छापता. प्रकाशझोतातले सामने, रोख बक्षीस, माणसाच्या कमरेएवढा चषक, उद्घाटनाला पाहुणे. पोरं खेळतात याचा मला आनंदच आहे. पण या बातम्यांत एक माणूस मला कधी दिसला नाही, तो म्हणजे दहा-बारा वर्षांच्या मुलांना फुटबॉल रोज शिकवणारा. आपल्या गावांत तो नाहीच, तर दिसणार कुठून? त्याच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. २०२२ च्या ऑक्टोबरात १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे उपांत्य सामने मडगावला फातोर्ड्याच्या स्टेडियमवर झाले, तेव्हा तिचा मामा तिला घेऊन गेला होता. जर्मनी-स्पेन आणि नायजेरिया-कोलंबिया, दोन्ही सामने तिने पाहिले. घरी आली ती बॉल हवा म्हणूनच. बॉल आणला, पण शिकवणार कोण? शाळेत पीटीच्या तासाला बॉल मैदानात टाकला जातो आणि तास संपल्यावर उचलला जातो. मधल्या वेळात ज्याच्या पायात जोर, त्याचा खेळ. शेवटी आरोंद्याचा पूल ओलांडून गोव्यातल्या पेडणे तालुक्यात एका गावच्या फुटबॉल केंद्रावर तिला घातलं. दुपारची खानावळ आवरून मीच तिला स्कूटरवरून नेते आणि सराव संपेपर्यंत कडेला बसते. त्यामुळे तिथलं सगळं डोळ्यांनी पाहिलेलं सांगते आहे.

तिथले सर एके काळी पगारी फुटबॉलपटू होते. राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचे बचावपटू. वास्कोचं टिळक मैदान, म्हापशाचं डुलेर, फातोर्डा, सगळीकडे खेळलेले. गोव्यात त्या काळी फुटबॉल ही नोकरी होती. क्लबशी करार व्हायचा, महिन्याला पगार यायचा, घर त्यावर चालायचं. २०१६ मध्ये देशाच्या लीगची फेररचना करताना नव्या आयएसएलला (इंडियन सुपर लीग) वरचं आणि तोवर देशाची मुख्य लीग असलेल्या आय-लीगला खालचं स्थान देण्याचा प्रस्ताव आला. तो न पटून साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीगमधून अंग काढलं, मागोमाग धेंपोनेही. पाच वेळा देशाचा विजेता ठरलेला हा क्लब त्या लीगमध्ये परतायला २०२४ उजाडलं. तिशी गाठलेल्या, गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या खेळाडूला अशा वेळी कोण विचारणार? आमच्या सरांनी दोन वर्षं एका हॉटेलात स्टोअर सांभाळलं. मग प्रशिक्षकाचं डी लायसन्स केलं, पुढे त्याच्या वरचं सी केलं आणि मुलांकडे वळले.

ते स्वतःच सांगतात की चांगला खेळाडू आपोआप चांगला शिक्षक होत नाही. सुरुवातीला तेही पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावायचे, कारण लहानपणी त्यांनाही तसंच शिकवलं होतं. कोर्समध्ये पहिली गोष्ट कळली ती ही, की या वयाच्या मुलाने सरावाचा जास्तीत जास्त वेळ बॉलबरोबर काढायला हवा. म्हणून त्यांच्या केंद्रावर रांग हा प्रकार नाही. मैदानाचे चार तुकडे पाडतात, प्रत्येकात चार विरुद्ध चार. शंकू कमी पडले तर नारळाची सोडणं मांडतात, गोलला पोफळीचे दांडे. बॉल चार नंबरचा, मुलांच्या पायाला झेपेल असा. आमच्याकडे त्याच वयाच्या पोरांपुढे मोठ्यांचा पाच नंबरचा बॉल टाकतात, आणि एकदा पायाचं बोट सुजलं की ते पोर पुन्हा मैदानाकडे फिरकत नाही.

मध्येच सर शिट्टी वाजवून खेळ थांबवतात. सगळे जागच्या जागी. मग एखाद्याला विचारतात, बॉल तुझ्याकडे येत होता तेव्हा तुझ्या मागे कोण होतं? सुरुवातीला माझ्या मुलीला ते कधीच सांगता यायचं नाही. सर ओरडत नाहीत, एवढंच म्हणतात, "आदीं पळय, मागीर बॉल दी." म्हणजे आधी बघ, मग बॉल दे. आता ती बॉल पायाशी यायच्या आत दोन्ही खांद्यांवरून मागे बघून घेते. राइट बॅकला आयुष्यभर जे करावं लागलं, ते त्यांनी बारा वर्षांच्या पोरीच्या अंगवळणी पाडलं. असलं शिकवायला मैदानात उभा राहिलेला माणूसच लागतो, आणि ते पोराच्या भाषेत कसं सांगायचं हे कळायला कोर्स लागतो.

त्यांच्या हजेरीच्या वहीत नावापुढे जन्मतारीख असते. फुटबॉलमधले वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. डिसेंबरात जन्मलेलं पोर जानेवारीतल्या पोरापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान, तरी दोघं एकाच गटात. निवड चाचणीत थोराड पोर उठून दिसतं, बारकं घरी जातं. सर वही बघून बारक्यांना मुद्दाम मधल्या फळीत खेळवतात, जिथे बॉल सारखा येतो. आपल्याकडे निवड होते ती एका दुपारी, आणि पालक जन्मदाखल्यावरून भांडत असतात. वरच्या पातळीवर तर आता मनगटाचा एक्स-रे काढून हाडांवरून वय तपासतात, तेव्हा दाखल्यातली हुशारी तिथे चालत नाही.

असा माणूस मिळाला तर काय होतं, ते बिबियानो फर्नांडिस यांनी देशाला दाखवलं आहे. तेही गोव्याचेच, आधी खेळाडू, मग मुलांचे प्रशिक्षक. त्यांच्या १६ वर्षांखालील संघाने २०१८ मध्ये मलेशियातल्या आशियाई स्पर्धेत व्हिएतनामला १-० ने हरवलं, इराण आणि इंडोनेशियाला गोलशून्य रोखलं आणि साखळीत एकही गोल न खाता उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे दक्षिण कोरियाकडून १-० अशी हार झाली. तो सामना जिंकला असता तर आपली पोरं पात्रता मिळवून १७ वर्षांखालील विश्वचषकाला गेली असती. त्या संघाचा कर्णधार विक्रम प्रताप सिंग पुढे मुंबई सिटीकडून आयएसएल खेळला. २०२५ च्या नोव्हेंबरात अहमदाबादला बिबियानो यांच्याच १७ वर्षांखालील संघाने पिछाडीवरून इराणला २-१ असं हरवून आशियाई स्पर्धेची पात्रता मिळवली. संघ नवा, मुलं नवी, मधे इतकी वर्षं गेलेली. शिकवणारा तोच. मला यात योगायोग दिसत नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये आपल्या महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ असं हरवून आशियाई चषक गाठला. माझ्या मुलीने ती बातमी कापून कपाटाच्या दारावर चिकटवली आहे. तिच्या वर्गातल्या आणखी काही मुलींना खेळायचं आहे, पण रोज पुलापलीकडे नेणार कोण? त्यांच्या आया काजूच्या कारखान्यात नाहीतर मासळी बाजारात असतात.

गोव्यात सरकारची फुटबॉल विकास परिषद आहे आणि तिने गावोगाव मुलांसाठी केंद्रं काढली. सिंधुदुर्गात आठ तालुके आहेत. तालुक्याला निदान एक प्रशिक्षक, ठरलेल्या मानधनावर, वर्षभर. एवढंच मागणं आहे. माणसं आपल्यातच आहेत. गोव्याच्या क्लबांकडून खेळलेली सावंतवाडी-दोडामार्गची मुलं आज मोपा विमानतळावर कामाला आहेत, कुणी ट्रॉलरवर आहेत. कुणी संध्याकाळी हौसेने पोरांना खेळवतात, पण लायसन्स नाही म्हणून शाळा त्यांना आत घेत नाहीत. डी लायसन्सचा कोर्स आठवड्याभराचा असतो. तो घ्यायला बाहेरगावी राहायचं, फी भरायची आणि कामावरचे दिवस बुडवायचे, हे रोजंदारीवरच्या माणसाला जमत नाही. कोर्सच आपल्या जिल्ह्यात आणला तर जमेल. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने आणि जिल्ह्याच्या फुटबॉल संघटनेने मिळून वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन या राज्याच्या संघटनेकडे तशी मागणी करावी.

शालेय स्पर्धांबद्दलही सांगायला हवं. त्या येतात ऐन पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास. देशावर त्या दिवसांत खेळता येत असेल, आमच्याकडे मैदानात घोटाभर पाणी असतं आणि बॉल पुढे सरकत नाही. त्या चिखलात लांब लाथाडणारा संघ जिंकतो, आणि वर्षभर छोटे पास शिकलेली पोरं पहिल्याच फेरीत बाद होतात. कोकणातल्या जिल्ह्यांच्या फेऱ्या तरी उघडिपीत घ्याव्यात, किंवा जिथे पाण्याचा निचरा होतो अशा मैदानावर.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न येणार. चषक भरवणारी मंडळं आपलीच आहेत आणि त्यांतली कितीतरी मुलं माझ्या खानावळीत जेवतात. त्यांच्याशी बोलले आहे. पहिल्या बक्षिसाच्या रकमेतून दरवर्षी एका माजी खेळाडूच्या कोर्सची फी भरायला दोन मंडळं तयार आहेत. बाकीच्यांनी आपापल्या स्पर्धेआधी बैठकीत हा विषय घ्यावा. चषक थोडा लहान झाला तरी चालेल.

आणि कोर्स वेंगुर्ला तालुक्यात कुठेही झाला, तर शिकणाऱ्यांचं आणि शिकवायला येणाऱ्यांचं कोर्सभर दुपारचं जेवण माझ्या खानावळीतून जाईल. माशांचं आणि शाकाहारी, दोन्ही. त्याचे पैसे मी घेणार नाही. संबंधितांना माझा फोन नंबर द्यायला माझी हरकत नाही, तो या पत्राच्या पाकिटात वेगळा लिहून ठेवला आहे.

आपली,
एक पालक
शिरोडा, ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग